कॅमेरा आपल्या हाती हवा

१९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतील त्यांचे तीसएक सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी सहलीला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटल्याचा गिल्ला झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला गेला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देण्यात आला. शिव्या देणारे त्या ठिकाणी मुसलमान होते. अस्पृश्यतेचा रोग हिंदूंपुरता राहिलेला नाही, हेच बाबासाहेबांना दाखवायचे होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

आम्ही तो येथे काढला याला कारण आहे. हिंडणे, फिरणे, डोंगर-किल्ले पाहणे, त्यांची छायाचित्रे काढणे हा खातेपिते असणाऱ्यांचा चाळा आहे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यातील काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांना आमचे सांगणे आहे की, ज्या समाजाला रस्त्यावरून मोकळेपणाने चालता येत नव्हते, त्या समाजाचा पोरगा आज रविवारी पाठीला पिशवी लावून भंडारदऱ्याला जातो, कासच्या पठारावर फुलांचे फोटो काढतो, ही लहानसहान गोष्ट नाही. हा फिरण्याचा आनंद त्याला कुणी दान दिलेला नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, तेव्हा सार्वजनिक जागा आपलीही झाली. म्हणून या छंदाचे आम्ही स्वागतच करतो. प्रश्न एवढाच आहे की, कॅमेरा हाती आल्यावर आपण तो कुणीकडे वळवतो?

कॅमेऱ्याचा इतिहास पाहिला तर तो फार काळ आपल्या हाती नव्हता, आपल्यावर रोखलेला होता. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. त्यात देशातील जातीजमातींची छायाचित्रे आहेत. माणसे जणू नमुने म्हणून उभी केलेली! चित्राखाली जातीचे नाव, माणसाचे बहुधा नाहीच. इंग्रज गेले, पण ती नजर गेली का? आजही प्रदर्शनात ‘ग्रामीण महाराष्ट्र’ या विषयावर चित्रे लागतात. त्यात वाडा असतो, दीपमाळ असते, बैलगाडी असते. गावकुसाबाहेरची वस्ती मात्र नसते. असलीच तर सुरकुतलेल्या चेहऱ्याची एखादी म्हातारी असते. तिला बक्षीस मिळत नाही, ते फोटो काढणाऱ्याला मिळते. तिचे नाव कुणी विचारत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्यासमोर आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले. गटारात उतरलेला माणूस त्यांच्या चित्रात कीव करण्याची वस्तू होत नाही, तो माणूस म्हणूनच दिसतो, आणि पाहणाऱ्याचीच मान खाली जाते. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कॅमेरा तोच, यंत्र तेच. फरक नजरेचा आहे.

दुसरी गोष्ट नोंदीची. आपल्या समाजाचे सर्वांत मोठे नुकसान नोंद न राहिल्याने झाले. अजिंठ्याचेच पाहा. १८१९ साली एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ही लेणी पडली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून तेथील चित्रांच्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली आणि त्यातील बहुतेक नकला जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. पण गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्याची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली होती, ती उरली. अनेक प्रती निघाल्या की आग सगळ्याच प्रती गिळू शकत नाही, हा त्यातला धडा आहे.

आणि ज्याची आठवण प्रत्येक भीमसैनिकाने ठेवावी असे नाव म्हणजे नामदेव व्हटकर. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, मुंबईत जनसागर लोटला. त्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण व्हटकरांनी पदरचा पैसा घालून केले. ते झाले नसते तर तो जनसागर आज आपण कशाच्या आधारे पाहिला असता? एका माणसाने वेळेवर कॅमेरा उचलला, म्हणून पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहतो.

तेव्हा छंद असणाऱ्या आमच्या तरुण मित्रांना आमचे सांगणे आहे की, फिरायला जरूर जा, पण आपल्या वारशाच्या वाटेनेही जा. जुन्नर, कार्ले, भाजे, नाशिक, कान्हेरी, पितळखोरे ही आपल्या दारातली ठिकाणे आहेत. एकट्या कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथे जाऊन चैत्यासमोर स्वतःचा चेहरा टिपून परत येऊ नका. भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे टिपा. जुन्नरच्या शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. कार्ल्याला धेनुकाकट गावच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. हातांनी काम करणाऱ्यांची नावे दगडात कोरून ठेवणारी ही परंपरा आहे. मग ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली, असे आपल्या मुलांना कुणी सांगत असेल तर उत्तर कशाने देणार? नाशिकच्या लेण्यांना आजही ‘पांडवलेणी’ म्हणतात. तेथला शिलालेख मात्र त्या डोंगराला त्रिरश्मी म्हणतो. शिलालेखाचा स्वच्छ फोटो आणि त्याचा अर्थ खिशात असेल तर वाद घालण्याची गरजच उरत नाही.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, साधा मोबाईल पुरतो. समज मात्र लागते. शिलालेखावर समोरून उजेड पडला की अक्षरे सपाट होतात. उजेड बाजूने, तिरपा आला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. म्हणून सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. अंधाऱ्या ठिकाणी सोबत्याने विजेरी एका बाजूने धरावी. अक्षरे दिसावीत म्हणून खडू फासणे, पाणी मारणे, कागद चिकटवणे हे पाप कुणी करू नये. रंगीत चित्रांवर फ्लॅश मारू नये, त्या प्रकाशाने रंग झिजतात. जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने संरक्षित स्मारकांत छायाचित्रणाची मोकळीक दिली, तेव्हाही अजिंठ्याची चित्रे, ताजमहालाची मुख्य कबर आणि लेहचा राजवाडा वगळला होता. नियम पाळूनच काम करावे. प्रत्येक चित्रासोबत गाव, लेणे क्रमांक आणि तारीख लिहावी, आणि प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. आज लेण्याची जी स्थिती आहे, जेथे जे नवे बांधकाम झाले आहे, जेथे शेंदूर फासला आहे, त्याचीही तारखेसह नोंद हवी. उद्या अर्ज करायची वेळ आली तर तोंडी तक्रारीपेक्षा ती नोंद मोलाची ठरेल.

भीमा कोरेगावच्या स्तंभासमोर १ जानेवारीला हजारो मोबाईल उंचावतात. त्या स्तंभावर ज्यांच्या अखेरीस ‘नाक’ आहे अशी महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. ती किती जणांनी टिपली, किती जणांनी वाचली?

आणि शेवटचे, पण सर्वांत तातडीचे काम. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी आपल्या डोळ्यांनी धम्मदीक्षा पाहिली, ती माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. लेणी आणखी शंभर वर्षे थांबतील, ही माणसे थांबणार नाहीत. आपल्या गावात, आपल्या वस्तीत असे कुणी आजोबा, आजी असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. आधी विचारा, त्यांची परवानगी घ्या, मग फोटो काढा. खाली त्यांचे पूर्ण नाव लिहा, गाव लिहा, नागपूरला ते कसे गेले, कुणासोबत गेले, ते लिहा. त्यांनाही एक प्रत नेऊन द्या. आजवर आपल्या माणसांची चित्रे पुष्कळांनी काढली आणि नेली. परत आणून देणारे थोडे होते.

आरक्षण, बेकारी, अत्याचार हे प्रश्न असताना छंदाच्या गप्पा कशाला, असे कुणी विचारील. त्या लढ्यांना सुट्टी द्या असे आम्ही म्हणतच नाही. रविवार तर प्रत्येकाला येतो. तो कारणी लावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. येत्या रविवारी चौघांनी मिळून एक लेणे आणि एक म्हातारा माणूस, एवढी दोन कामे केली, तरी वर्षाअखेरीस एका तालुक्याची नोंद उभी राहील. सुरुवात कोण करतो ते बोला. जय भीम!