अनुमोदक हवा आहे

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. लिफ्टचं मेंटेनन्स, टाकीची सफाई, पार्किंगवरून नेहमीची हमरीतुमरी असं करत करत सेक्रेटरी सातव्या विषयावर आले. ऑफिसमागची तळमजल्यावरची खोली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती दारू सोडलेल्या, सोडू पाहणाऱ्या माणसांच्या मीटिंगला दिली जाते. महिनाअखेरीस ती परत घ्यावी आणि तिथे कुरियरची पार्सलं ठेवावीत, असा ठराव होता.

"कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचंच काही नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "तेवढीच बेवड्यांची वर्दळ कमी होईल." दोघंतिघं हसले.

माझ्या पुढच्याच खुर्चीवर बी विंगमधले एक काका बसले होते. दारू सोडून त्यांना नऊ वर्षं झाली, हे त्या सभेत फार तर चौघांना ठाऊक असेल. काका उठून बोलले असते, तर उरलेल्या साठजणांना तिथल्या तिथे कळलं असतं. घरात मुलीची स्थळं बघणं चालू आहे. ते नुसते गुडघ्यावर बोटं आपटत राहिले. ती बोटं मला दिसत होती. मी तर थेंबही पीत नाही, मला कसली चोरी होती? तरी मीही गप्प बसले. ठराव मंजूर.

म्हणून हा लेख. ज्यांना खोली हवी आहे त्यांना ती उघडपणे मागताच येत नाही, अशी ही अडचण आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही दारूनं पार धुपलेले, एकमेकांना सावरायला बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. नावातच अनामिकता आहे. आडनाव सांगायचं नाही, वर्तमानपत्रात झळकायचं नाही, बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही. आमच्या खोलीतही मीटिंगच्या शेवटी एक कापडी पिशवी फिरते. ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो आणि त्यातून सोसायटीचं भाडं जातं. भाडं एकदाही थकलेलं नाही. आमच्या किती फ्लॅटधारकांबद्दल असं म्हणता येईल, ते खजिनदारांना विचारा.

आता माझ्या दादाचं सांगते. त्याला विचारूनच सांगते आहे.

सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं घरात जाहीर केलं, "बाप्पा घरात आहे तोवर हात लावणार नाही." आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी आरती करताना त्याच्या हातातली घंटा स्थिर राहीना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अंगाला दरदरून घाम. तिसऱ्या दिवशी विसर्जनाची तयारी चालली असताना तो वहिनीला म्हणाला, "अगं, ताटात मुंग्या झाल्यात, झटक." ताटात एकही मुंगी नव्हती. तासाभरात त्याला फिट आली. विसर्जन शेजाऱ्यांनी केलं, आम्ही हॉस्पिटलात होतो.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते प्रत्येक घराला ठाऊक हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास, भ्रम सुरू होऊ शकतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. त्यामुळे शपथ, अंगारा, खोलीत कोंडणं यांतलं काहीही करू नका. आधी डॉक्टर. हॉस्पिटलात औषधानं मेंदू शांत ठेवतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि काही दिवसांत शरीर सावरतं.

शरीर सावरतं. पुढे दादा पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि पहिल्याच सोमवारी कामावर गेला. संध्याकाळी मीरा रोडला गाडीतून उतरला. स्टेशनपासून शेअर रिक्षाच्या रांगेपर्यंत जाताना वाटेत वाइन शॉप. तिथला काउंटरवरचा माणूस त्याला बघून न विचारता क्वार्टर काढायचा, इतकी जुनी ओळख. साडेसात ते नऊ ही त्याची वेळ. केंद्रात ती वेळ गटात जायची. इथे, आमच्या बेव्हर्ली पार्कात, ती कशात घालवायची? वहिनीशी बोलणं म्हणजे भांडण, टीव्ही म्हणजे घालमेल. ऑफिसमागच्या खोलीत वीस-एक प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि थर्मासमधला चहा होता. त्या मंगळवारी तो तिथे जाऊन बसला. काही बोलला नाही म्हणे. पुढच्या शुक्रवारी फक्त नाव सांगितलं. अडीच महिन्यांनी घसरला, चार दिवस प्यायला आणि पाचव्या दिवशी परत त्याच खोलीत गेला. कुणी "बघ, म्हटलं नव्हतं?" असं विचारलं नाही. ते विचारायला आम्ही घरचे होतोच.

आपल्याकडे मुक्तांगण म्हटलं की मान आदरानं लवते, आणि लवायलाच हवी. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले. पण तिथलाही मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचाच, आणि म्हणून बाहेर पडल्यावरच्या पाठपुराव्यावर तिथे पहिल्यापासून भर आहे. आपल्या बाजूला वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आधारानं फादर जो परेरांनी १९८१ साली क्रिपा ही व्यसनमुक्तीची संस्था सुरू केली. तिचं केंद्र वसईत आहे, म्हणजे मीरा रोडहून तिसरं स्टेशन. दाखल होऊन उपचार घ्यायला माणूस पुणे-वसई गाठेल. पण दिवसभर काम करून संध्याकाळी साडेसातला तो वसईला जाऊन परत येणार नाही. साडेसातची खोली चालत जाण्याच्या अंतरावरच लागते.

केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पक्क्या आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते, आणि भरती होऊन उपचार मिळतात ते १८० मधल्या एकाला. त्या मदत मिळालेल्यांतलाच एक आमच्या खोलीत येतो, आणि आम्ही तिथे पार्सलं ठेवणार आहोत. बारच्या जागेचा विषय मात्र कुठल्या सभेत निघालेला मी ऐकलेला नाही.

"मुली ये-जा करतात, वातावरण बरं दिसत नाही," असं एक ताई मला नंतर जिन्यात म्हणाल्या. ताई, खोलीत येतात ते त्या संध्याकाळी न प्यायलेले पुरुष आहेत. आपल्या परिसरात याहून सुरक्षित दीड तास दाखवा मला. आणि काळजी मुलांचीच असेल, तर ती एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची करा. ते २०१५ सालापासून अमली पदार्थ कायद्यात आहे, तरी कॉलेजातल्या पोरांपर्यंत पोचतंच. पोलिसांच्या धाकानं आईबाप महिनोन्‌महिने लपवतात. त्यांनी एवढं जाणून असावं की त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे: थोड्या मात्रेत सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. कुठे जावं सुचत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ वर मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस. दोन्ही फुकट. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

आता मागणं. मी सेक्रेटरींना पत्र दिलं आहे: सातवा ठराव पुन्हा सभेपुढे आणा. पार्सलांसाठी जिन्याखाली लोखंडी रॅक बसतो, मी मोजमाप घेऊन आले आहे. आमच्याकडे नाहीच जमलं, तर शेजारच्या सोसायट्यांनो, तुमचं ऑफिस आठवड्यातून तीन तास द्या. गणेश मंडळांनो, तुमची खोली भाद्रपद सोडून अकरा महिने कुलपात असते. शाळांनो, क्लासवाल्यांनो, दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांनो, एक दिवा, एक पंखा आणि वीस खुर्च्या. भाडं मिळेल, पावतीसकट. महापालिकेच्या समाजमंदिरांत बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं होतं, तिथेही दोन संध्याकाळी निघाव्यात. त्यासाठी नगरसेवकांच्या दारात मी जाईन, सोबत कुणी आलं तर बरं. ज्यांच्या घरातलं माणूस पितं त्यांनी यायलाच हवं असं नाही. ज्यांच्या घरात कुणी पीत नाही, त्यांनी आधी या. तुमच्याकडे बघून कुणी काही ओळखणार नाही.

विशेष सभा बोलवायला पुरेशा सह्या झाल्या आहेत. बी विंगच्या काकांची सही त्यात नाही; मी मागितलीच नाही. ठरावाखाली सूचक म्हणून माझं नाव लिहिलं आहे, फ्लॅट नंबरासकट. त्याखालची अनुमोदकाची ओळ अजून कोरी आहे. कागद वॉचमनच्या टेबलावर, रजिस्टरखाली ठेवलाय. पेन मात्र आपलं आणा, तिथलं चालत नाही.