एक कोयता, दोन माणसे

दिवाळी सरली की कराडच्या परिसरात उसाचे गाळप सुरू होते. रेठऱ्याचा कृष्णा कारखाना आणि यशवंतनगरचा सह्याद्री कारखाना यांच्या धुराड्यांतून धूर निघू लागतो आणि बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या माळामाळांवर उभ्या राहतात. या धंद्यात मजुरांची मोजदाद माणसांवर होत नाही, ती कोयत्यांवर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटादुकटा मजूर असला तर तो अर्धा कोयता. मुकादमाशी बोली होते ती नवऱ्याची आणि उचलही पडते ती त्याच्याच हाती. बाई पहाटे तीनच्या सुमारास उठून चूल पेटवते, भाकऱ्या थापते, मग फडात जाऊन मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहून ट्रॅक्टरमध्ये चढवते आणि कोपीवर परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते. फडातले तिचे श्रम निदान अर्ध्या कोयत्यात तरी जमा होतात. चुलीपुढचे श्रम कोणत्याच वहीत चढत नाहीत.

हे वाचून आमच्या श्रद्धावंत वाचकांना हळहळ वाटेल. तोडकरी स्त्रीचे हाल आणि पक्क्या घरात राहणाऱ्या आमच्या भगिनींचे कष्ट आम्ही एका तागडीत घालत नाही. तसे करणे हा त्या स्त्रीचा अपमान ठरेल. मात्र हिशेबाची रीत एकच आहे, आणि ती आमच्या कॅथलिक घरांतही बिनदिक्कत चालते, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. विवाह संस्काराच्या वेळी दोघांचा एकदेह होतो असे आम्ही वेदीसमोर सांगतो. घरी गेल्यावर त्या एकदेहाचा एक कोयता होतो. नाव एकाचे, राबणे दुसरीचे.

देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये भारतीय माणूस दिवसाचा वेळ कसा घालवतो याची पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी 299 मिनिटे देत होत्या, पुरुष 97 मिनिटे. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. पुरुषांची 88 मिनिटे पाहून कोणी समाधानाने मिशीवर हात फिरवू नये. ही सरासरी केवळ घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहे, आणि असे पुरुष 2019 मध्ये शंभरात जेमतेम सव्वीस होते. उरलेले चौऱ्याहत्तर त्या दिवशी ताटावरून उठले आणि ताट तिथेच राहिले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, तशीच पुरुषांचीही नऊ वाचली! स्त्रीच्या कामातली काही मिनिटे कमी झाली, ती पुरुषाने उचलली म्हणून नव्हे, एवढे तरी यावरून कळते.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली एका अपघाती मृत्यूच्या भरपाईच्या खटल्यात एका गोष्टीकडे लक्ष वेधले होते. 2001 च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासमवेत ‘काम न करणाऱ्यां’च्या वर्गात घातले होते. न्यायालयाला ते लांच्छनास्पद वाटले. आम्ही मात्र धर्मग्रामाच्या कोणत्याही अर्जात व्यवसायाच्या रकान्यापुढे पत्नीसाठी आडवी रेघ ओढतो आणि आम्हांला काहीच वाटत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नेहमीचाच: ‘फादर, तुम्हांला संसारातले काय कळते?’ संसारातले फारसे कळत नसेल, पण झाडूतले कळते. सेमिनरीत पुरुषांखेरीज कोणी नसते. तेथे व्हरांडे आम्हीच झाडले, संडास आम्हीच धुतले, बटाटे आम्हीच सोलले, आणि त्यामुळे कोणाचे पौरुष कमी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ही रीत आजकालची नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या पस्तिसाव्या प्रकरणात स्वयंपाकघराची पाळी आठवड्या-आठवड्याने प्रत्येक बंधूने करावी असा दंडक आहे. आजाऱ्याला किंवा मठाच्या महत्त्वाच्या कामात गुंतलेल्याला तेवढी सूट. पाळी संपवणाऱ्याने हातपाय पुसायची फडकी धुऊन द्यायची. त्याच नियमावलीत मठाची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत असेही सांगितले आहे. जवळजवळ पंधराशे वर्षे ख्रिस्तसभेतील हजारो पुरुष भात शिजवावा तसे सहजपणे हे काम करीत आले (भात नव्हे, पाव म्हणा हवे तर). तेव्हा स्वयंपाक हे निसर्गाने स्त्रीच्या कपाळी लिहिलेले काम आहे, हा युक्तिवाद निदान कॅथलिक माणसाच्या तोंडी शोभत नाही.

दुसरा आक्षेप बायबल हाती घेऊन येतो. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पत्नींनी पतीच्या अधीन असावे असे म्हटले आहे, हे आमच्या पुरुष मंडळींना तोंडपाठ असते. त्याच अध्यायातले त्याआधीचे एकविसावे वचन त्यांना आठवत नाही. तेथे अधीन होण्याची आज्ञा सर्वांनाच आहे, एकमेकांच्या. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 साली स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयीच्या पत्रात याच वचनाच्या उजेडात सारा उतारा वाचला आणि अधीनता परस्परांची आहे, एकतर्फी नाही, असे निःसंदिग्धपणे मांडले. आणि पुढे पौल पतीकडून काय मागतो? ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी प्राण दिला तशी प्रीती. ज्याच्याकडे प्राण मागितला आहे, तो चहाची कपबशी विसळायला कां कूं करतो, हे पाहून पौलाला काय वाटले असते?

पूर्वीच्या शिकवणुकीत दुसरा सूर होता हे आम्ही लपवू इच्छित नाही. पोप पायस अकरावे यांनी 1930 च्या विश्वपत्रात पतीला कुटुंबाचे मस्तक आणि पत्नीला हृदय म्हटले. त्या उपमेवर आजही कित्येक प्रवचने चालतात. परंतु त्या उपमेतूनसुद्धा मस्तकाने खाटेवर पडून राहावे आणि हृदयाने धुणे धुवावे, असे निघत नाही. पुढे 1981 च्या श्रमविषयक विश्वपत्रात घरचा भार रोज वाहणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांना समाजाकडून, कधीकधी स्वतःच्या कुटुंबाकडूनही, योग्य दाद मिळत नाही, असे साफ लिहिले गेले. 1983 च्या कॅनन कायद्याचे 1135 वे कलम वैवाहिक सहजीवनात दोघांना समान हक्क आणि समान कर्तव्य देते. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कौटुंबिक प्रेमावरील पत्रात घरकाम करण्याने किंवा मुले सांभाळण्याने पुरुष उणा ठरत नाही, असे सांगितले. मग अडचण शिकवणुकीची आहे की स्वयंपाकघराच्या उंबरठ्याची?

तिसरा आक्षेप सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक. ‘आई ती आईच! तिच्या हातची चव कोणाला येणार?’ आमच्या कराडला मातृभक्तीचे फार कौतुक. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी उभे राहिले की, लहानपणीच पित्याचे छत्र हरपलेल्या या मुलाला वाढवणाऱ्या विठाबाईंची आठवण निघते, आणि निघालीच पाहिजे. आम्ही कॅथलिक लोक तर पवित्र मरियेच्या नोव्हेनात आठवडेच्या आठवडे घालवतो. परंतु आईला देव्हाऱ्यात बसवणे हा तिला मोरीतून न सोडवण्याचा सोपा मार्ग झाला आहे. तिची आरती करणारा मुलगा आपला घामट शर्ट तिच्याच पुढ्यात टाकतो. आणि हे त्याला शिकवते कोण? पुष्कळदा तीच. मुलीला दहाव्या वर्षी पोळी लाटायला बसवणारी आई मुलाला ‘तू अभ्यास कर’ म्हणून उठवते. हा दोष एकट्या पुरुषांच्या माथी मारून आम्हांस सुटका नाही.

रविवारचे काय? विश्रांतीचा दिवस पाळण्याची आज्ञा निर्गमात आहे. त्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला परका, एवढ्या सर्वांना विसावा दिला आहे. पत्नीचे नाव त्या यादीत नाही, असे एका चतुर गृहस्थाने आम्हांस एकदा ऐकवले. यादीत ती नाही, कारण आज्ञेतला ‘तू’ तिलाही उद्देशून आहे. प्रत्यक्षात मात्र बैलाला मिळणारा विसावा तिला मिळत नाही. मिस्सा आटोपून घरी आल्यावर मटणाचा बेत तिचा, पाहुणे तिचे, दुपारचा खरकट्याचा ढीगही तिचाच. नोकरी करणारी भगिनी असेल तर आठवड्याचे धुणे त्याच दिवशी. यजमान सोफ्यावर पेपर वाचत असतात. फार तर म्हणतात, ‘काही मदत करू का?’ हा ‘मदत’ शब्दच आम्हांस खटकतो. स्वतःच्या घरात कोणी मदत करते काय? मदत करतो तो शेजारी.

पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या समुद्रकिनारी कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजून थकलेल्या शिष्यांना न्याहारी दिली, हे योहान आपल्या शेवटच्या अध्यायात सांगतो. मृत्यू जिंकून आलेल्याला ते काम कमीपणाचे वाटले नाही. त्या प्रसंगावर आम्ही पेत्राच्या अधिकाराविषयी पुष्कळ बोलतो, विस्तव कोणी पेटवला होता याविषयी फारसे बोलत नाही.

येथून पुढे विवाहपूर्व तयारीत आम्ही वधूवरांना प्रार्थना आणि आज्ञा यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारणार आहोत: सकाळचे पाणी कोण भरणार, डबा कोण करणार, मूल रात्री रडले तर कोण उठणार? उत्तर दोघांनी एकमेकांसमोर द्यावे. आणि धर्मग्रामाच्या सणाला आजवर स्त्रिया मागे पातेली घासत राहिल्या व पुरुष पुढे आभाराची भाषणे करीत राहिले. यंदा जेवणानंतरची भांडी पुरुषांनी घासायची आहेत. धर्मग्राम समितीच्या सभासदांची नावे यादीत सर्वांत वर घातली आहेत. त्यांच्या खाली आमचे.