पिंजारी चाचा मालिकेत कधी येणार?

चेन्नईत पीएचडी करताना ‘लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी’ ही कॅनडातली विनोदी मालिका (२००७–२०१२) पाहिली. छोट्या गावातले मुसलमान चर्चच्या भाड्याच्या जागेत मशीद चालवतात; भांडतात, हसवतात. ती रचली झरका नवाझ या मुस्लिम लेखिकेने.

आपल्या पडद्यावर मुसलमान बहुतेकदा नवाब, नाहीतर अतिरेकी. माझ्या तालुक्यातले गाद्या भरणारे पिंजारी चाचा कुठेच नाहीत. २००७ मध्येच तमिळनाडूने मागास मुस्लिमांना साडेतीन टक्के वेगळे आरक्षण दिले. त्या यादीत दुदेकुला, म्हणजे पिंजारीच, आहेत. सरकारी कागदाला दिसणारी जात मालिकेला का दिसत नाही? कारण लिहिणाऱ्यांत चाचांची मुलगी नाही.

पहिल्या पिढीच्या पदवीधरांनो, नोकरीच्या अर्जांसोबत एखादी पटकथाही लिहा. आपल्यावर इतर पुष्कळ हसले. आता आपले विनोद आपण लिहू.