घर अचानक जमिनीत का जातं? घुग्घुस ते राजूर, जमिनीखालचं ‘शिअर’ गणित

२६ ऑगस्ट २०२२. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडल्यानं वाचली. या भागाखाली जुनी भूमिगत कोळसा खाण आहे.

वर्धा नदीच्या दुसऱ्या बाजूला, यवतमाळच्या वणी तालुक्यात राजूर आहे. लोक त्याला ‘राजूर कॉलरी’ म्हणूनच ओळखतात, कारण इथेही जमिनीखालून कोळसा काढला गेला. त्यामुळे घुग्घुसमध्ये नेमकं काय झालं, हे राजूरकरांनीही समजून घ्यायला हवं.

शिअर म्हणजे काय?

पंचिंग मशीननं कागदाला भोक पाडताना गोल तुकडा कडेनं कापला जाऊन खाली पडतो. कापणारं हे बल म्हणजे शिअर फोर्स, मराठीत कर्तन बल. ते कडेच्या क्षेत्रफळावर वाटलं गेलं की मिळतो शिअर स्ट्रेस, म्हणजे कर्तन ताण. खडक-मातीची सहनशक्ती या ताणापेक्षा कमी पडली की तुकडा सुटतो.

पोकळी रुंदावली तर?

भूमिगत खाणीत बोगदे खोदताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडतात. समजा, पोकळी ५ मीटर लांब-रुंद आहे आणि वर १० मीटर थर आहे. घनमीटरला २ टन धरले, तर वजन ५०० टन. ते पेलणाऱ्या चार उभ्या कडा २०० चौरस मीटर. ताण झाला चौरस मीटरला अडीच टन.

आता खांब ढासळून पोकळी १० मीटर लांब-रुंद झाली, तर वजन २,००० टन होतं, पण कडा फक्त ४०० चौरस मीटर. म्हणजे ताण थेट दुप्पट, ५ टन! वजन चौपट वाढतं, आधार मात्र दुपटीनंच.

पावसाळ्यात धोका का वाढतो?

मुरलेल्या पाण्यानं थराचं वजन वाढतं आणि कणांमधली पकड सैल होते. ताण वाढतो, सहनशक्ती घटते.

मग उपाय काय?

पोकळीत वाळू भरणं हा जुना, माहितीतला उपाय. भिंतींना नव्या भेगा, दारं अडकणं, अंगण खचणं हे इशारे मानून घर रिकामं करणं आणि प्रशासनाला कळवणं गरजेचं.

खाण बंद करताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. त्या नकाशात आपलं घर नेमकं कशावर उभं आहे, हे गावाला घर बांधण्याआधी कळायला हवं. घर खचल्यावर नाही.