चित्रनिषेध, चित्रकाराची उपजीविका आणि आपली समीक्षा

मध्ययुगीन दख्खनविषयीच्या पदव्युत्तर उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास आढळते : ‘इस्लामला चित्रकला निषिद्ध असल्यामुळे...’ याचा दोष विद्यार्थ्यांना देता येणार नाही. हे वाक्य त्यांना आपणच शिकविले आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. मात्र ज्या प्रदीर्घ वादाचा ते निष्कर्ष म्हणून मांडले जाते, त्या वादाचा त्यात मागमूसही नसतो.

कुराणात चित्र काढण्यास थेट मनाई नाही. सुलैमानासाठी प्रतिमा घडविल्या गेल्याचा उल्लेख मात्र आहे (३४:१३). निषेधाचा मुख्य आधार हदीसवाङ्मय हा होय. ‘मुसव्विर’, म्हणजे रूप देणारा, हे ईश्वराचे एक नाम (५९:२४) आणि अरबीत चित्रकारासही हाच शब्द. प्रतिमा घडविणाऱ्यास अंतिम निवाड्याच्या दिवशी तिच्यात प्राण फुंकावयास सांगितले जाईल व ते त्याला साधणार नाही, अशा आशयाची हदीस या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी.

बुखारींच्या संग्रहात याच संदर्भातील एक प्रसंग आहे. हाताच्या कारागिरीवर पोट भरणारा एक चित्रकार इब्न अब्बास यांच्याकडे येतो. ईश्वरी शिक्षेविषयी ऐकून त्याचा चेहरा पांढराफटक पडतो. तेव्हा इब्न अब्बास त्याला झाडे आणि निर्जीव वस्तू चितारण्याचा मार्ग दाखवितात. निषेध कायम राहतो; परंतु विचारणाऱ्याच्या उपजीविकेची दखलही घेतली जाते.

जे करणे निषिद्ध, त्याची मजुरीही अवैध, असे धर्मशास्त्राचे सर्वसाधारण तत्त्व. म्हणूनच ‘प्रतिमा’ या शब्दाच्या व्याख्येवर कारागिराची भाकरी अवलंबून राहिली. तेराव्या शतकातील नववी यांनी सावली पडणारी व न पडणारी असा भेद मानला नाही. अनेक मालिकी पंडितांनी मात्र कठोर निषेध सावली पडणाऱ्या आकृतींपुरता ठेवला. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तमध्ये मुहम्मद अब्दुह यांनी चित्राला काव्याचे भावंड मानून त्याचे समर्थन केले. छायाचित्र म्हणजे केवळ सावली धरून ठेवणे, असे मुहम्मद बखीत यांचे मत. देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी यांना ते मान्य नव्हते. हा मतभेद आजही मिटलेला नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटावे ते ‘आईन-ए-अकबरी’तील अकबराचे मत. आपण प्राण देऊ शकत नाही, या जाणिवेनेच चित्रकार ईश्वराकडे वळतो, असा त्याचा आशय. गृहीतक हदीसमधलेच, निष्कर्ष नेमका उलट!

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात निजामशाहीतील ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची सचित्र पोथी आहे. तीतील राणीची आकृती बहुतेक ठिकाणी पुढे पुसली गेली. आपले ठरीव वाक्य हाताशी असले की कारण चटकन सापडते. अभ्यासक मात्र त्याचा संबंध राणीच्या राजकीय पाडावाशी जोडतात.

आपल्या वर्गात छायाचित्रणावर घर चालणाऱ्या कुटुंबातील मुस्लिम विद्यार्थी असू शकतो, तसाच घरात तसबीर न लावणाऱ्या कुटुंबातीलही. एका जिवंत वादपरंपरेचे हे दोघेही वारस. त्यांच्यासमोर हे वाक्य उच्चारताना कोणत्या पंथाचे मत, कोणत्या काळातले आणि कोणत्या प्रकारच्या प्रतिमेविषयी, एवढे तरी आपण सांगितले पाहिजे. अध्यापकाकडून यापेक्षा कमी अपेक्षा करता येणार नाही.