गोटमारीच्या दिवशीचा माती-अहवाल

घर बांधावयाचे ठरले की सल्लागारांची एक लहानशी वरातच दारात येते. वास्तुशिल्पी, संरचना अभियंता, माती तपासणारे, नगरपालिकेची परवानगी काढून देणारे, आणि सर्वांच्या शेवटी, पण सर्वांत मोठ्या मानाने, वास्तुशास्त्री. प्रत्येकास दक्षिणा द्यावयाची आणि प्रत्येकाच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवावयाचा, असा आपल्याकडील रिवाज आहे. पांढुर्ण्यास आम्ही घर बांधावयास घेतले तेव्हा आम्हीही तोच पाळला. हाताशी असलेली पुंजी निवृत्तीच्या वेळी मिळालेली होती. ती काही पुन्हा मिळणारी नव्हती.

माती-अहवाल आला तो मोठा सुबक होता. निळे वेष्टन, शिक्का, सही, आलेख. चार फुटांवर कठीण मुरूम, असा त्यात निर्वाळा होता आणि त्यावरून साडेचार फुटांचे पाये आखून झाले होते. आम्ही तो कपाटात ठेवूनही दिला असता. पण आमच्या आत्याबाईंनी, ज्यांना पंच्याऐंशीव्या वर्षी दुसरे काही नीट दिसत नसले तरी तिथी-वार चुकत नाहीत, तो चष्म्याजवळ धरला आणि म्हणाल्या, "अरे, यांनी आपल्या जागेत भोक पाडलं ती तारीख पाहिलीस का? त्या दिवशी तर गोटमार होती!"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते आणि दगडांचा वर्षाव होतो. आमची जागा नदीपासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी वाटा अडविलेल्या, जागोजागी पोलीस, आणि आम्ही सारे गच्चीवर. यंत्र सोडाच, त्या बोळात सायकलसुद्धा आली नव्हती.

सल्लागारांस दूरध्वनी केला. "तारीख टाकताना चूक झाली असेल," असे उत्तर मिळाले. असेलही; म्हणून आम्ही आरोप केला नाही. मात्र अहवाल पुन्हा उघडला तेव्हा दोन वेगळ्या छिद्रांचे आकडे दशांशापर्यंत सारखे निघाले. मग दोन मजूर लावून जागेच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेतले. सहा फुटांवरून आवाज आला, "साहेब, अजून काळीच लागून राहिली!" मुरूम लागला अकरा फुटांवर.

सल्लागार आले, खड्ड्यात वाकून पाहिले, बराच वेळ बोलले नाहीत. मग सौसरच्या एका कामाचा अहवाल "आधारास घेतल्याचे" त्यांनी मान्य केले. पांढुर्णा आणि सौसर मिळून २०२३ साली एक जिल्हा झाला खरा. पण जमिनीने ती एकजूट मानलेली नाही. पांढुर्ण्याखाली दख्खनचा काळा पाषाण आणि त्याच्या झिजेतून झालेली काळी माती. सौसरकडे मात्र याहून कितीतरी प्राचीन खडक वर आले आहेत. मँगनीज बाळगणाऱ्या त्या खडकांच्या समूहाला भूवैज्ञानिक सौसरचेच नाव देतात. तिकडचा आकडा इकडे कसा चालावा? एकाच गावात दोन शेतांचा चालत नाही.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया ठेवला की घर दरवर्षी किंचित वर-खाली होते आणि दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. ओलाव्याचा हा खेळ सुमारे साडेतीन मीटरपर्यंत चालतो. म्हणून रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले खुंट पुढे आणले. अंडररीम पाईल म्हणतात ते हेच. फुगवट्याचा व्यास बहुधा खुंटाच्या अडीचपट असतो. पाया खणताना चूक कळलीच असती, असे कोणी म्हणेल. कळते, पण तेव्हा ठेकेदार आणि सळया दारात उभ्या असतात आणि "दोन फूट मुरूम टाकून घेऊ" असा तोडगा निघतो.

वास्तुशास्त्र्यांनी जिना ईशान्येकडून नैर्ऋत्येस नेला. वास्तुशिल्प्यांनी आपला नकाशा सुधारला, संरचनेचा नकाशा मात्र जुनाच राहिला. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले तेव्हा एक कॉलम नव्या जिन्याच्या पायऱ्यांतून वर येताना दिसला. हे काम शाळकरी मुलासही जमते. वास्तुशास्त्र्यांचे शुल्क, जाता जाता सांगतो, माती तपासणाऱ्यांहून अधिक होते.

सळईचा हिशेबही घरी होतो. व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग करून १६२ ने भागले की मीटरचे वजन किलोत मिळते. बारा मिलिमीटरच्या, बारा मीटर लांबीच्या १८० सळया आम्ही मोजून घेतल्या. त्यांचे वजन सुमारे १,९२० किलो होते. सल्लागारांनी तपासून सही केलेल्या बिलात आकडा २,२५० चा. या जाडीस वजनात पाच टक्क्यांची घट-वाढ मान्य आहे, सतराची नाही. बिल दुरुस्त झाले.

१९७२ च्या कायद्यानुसार वास्तुशिल्पी ही उपाधी परिषदेकडे नोंदणी असल्यावाचून लावता येत नाही, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. घरबांधणीची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगितले आहे. आम्हांस तिथवर जावे लागले नाही. शुल्काचा शेवटचा हप्ता आम्ही राखून ठेवला होता. त्याने बरेच काम सोपे केले.

नवी माती-तपासणी आमच्या देखत झाली. पाईल उतरले, प्लिंथ बीमही झाले. त्या काँक्रीटचे घन तपासणीस दिले असून २८ दिवसांचा निकाल या पंधरवड्यात यावयाचा आहे. आत्याबाईंनी ती तारीख दिनदर्शिकेत आधीच खुणावून ठेवली आहे.