लिव्हरमध्ये गाठ आहे, पण ती कुठली?

वस्तीत कुणाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘लिव्हरमध्ये गाठी’ असे आले, की पुरुषाबद्दल म्हणतात, ‘दारूने खाल्ले’. बाईबद्दल म्हणतात, ‘आता घरीच सेवा करा’. दोन्ही निकाल तपासणीआधीचे आहेत. मला दोन्ही मान्य नाहीत.

लिव्हरमधला कॅन्सर दोन तऱ्हेचा असतो. एक लिव्हरमध्येच सुरू होतो. दुसरा मोठे आतडे, जठर, स्वादुपिंड, स्तन, फुप्फुस अशा ठिकाणी सुरू होऊन रक्तावाटे लिव्हरमध्ये येतो. हा फरक नावापुरता नाही. स्तनाचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेला तरी औषधे स्तनाच्या कॅन्सरचीच लागतात. मोठ्या आतड्यातून आलेल्या मोजक्या गाठी काही रुग्णांत ऑपरेशनने काढताही येतात. मग तपासणी अर्धवट सोडून घरी कसे न्यायचे?

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गरोदरपणच आठवते. लिव्हरच्या बाबतीत ती खुणा दाखवते. लिव्हर खडबडीत, आकसलेले (म्हणजे सिरोसिस) आणि त्यात एखादी मोठी गाठ असेल, तर संशय लिव्हरच्याच कॅन्सरचा. लिव्हर एरवी चांगले, पण काळसर कडेच्या पुष्कळ गाठी विखुरलेल्या असतील, तर बाहेरून आलेल्याचा. मात्र या खुणा फसव्या असतात. लिव्हरच्या कॅन्सरच्याही अनेक गाठी होतात, आणि बाहेरून आलेली गाठ एकटीही असते. काही गाठी तर कॅन्सरच्या नसतातच; रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ असते, कधी पू झालेला असतो.

शिरेतून बारीक बुडबुड्यांचे औषध देऊन केलेली सोनोग्राफी जास्त सांगते. बाहेरून आलेल्या गाठीतून ते औषध बहुधा मिनिटाच्या आत ओसरते. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये ते आधी झपाट्याने भरते आणि उशिरा, हळूहळू ओसरते. ही सोय थोड्याच ठिकाणी आहे. एरवी तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन, एएफपी ही रक्ततपासणी आणि गरज पडली तर सुईने काढलेला तुकडा यांवरून ठरवतात.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: “हा लिव्हरचाच आहे की दुसरीकडून आला? ठरवायला पुढची तपासणी कोणती?” वॉर्डात मी पाहिले आहे, इस्त्रीच्या कपड्यातला नातेवाईक हे विचारतो आणि त्याला उत्तर मिळते. आपला माणूस दाराशी हात बांधून उभा राहतो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते दवाखान्यातही लागू आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड, आधार आणि सगळे रिपोर्ट घेऊन जा.

दारूची वकिली मी करणार नाही. पण पाचवे शील स्वतः पाळायचे असते, आजारी माणसाला हिणवायला नाही. थेंबही न घेणाऱ्याला हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे लिव्हरचा कॅन्सर होतो. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून या दोन्हींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. घरात एकाला बी निघाला तर सगळ्यांचे रक्त तपासा. बाळाला जन्मानंतर 24 तासांत लस टोचली का, ते आईनेच विचारावे. आणि सिरोसिस असेल त्याने दुखत नसले तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी.